पाठदुखी हा ग्रामपंचायतीचा विषय होऊ शकतो का? आरोग्य समितीत नेमकं काय मागू?

करवीरची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, वेळ काढून वाचा. मी करवीर तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. गावच्या आरोग्य समितीवर पण आहे, म्हणजे ती ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, जिच्याकडं वर्षाला १० हजार अबंधित निधी (गरजेप्रमाणं वापरता येणारा) येतो ती.

गेल्या महिन्यात आशाताईंबरोबर बीपी-शुगरच्या तपासणीसाठी घरोघरी फिरलो. प्रत्येक घरात बाई बाहेर आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "ते शुगरचं राहू दे ओ, ह्या कंबरेचं काय तरी बघा की." कुणाच्या पायात मुंग्या, कुणाला उसण भरली ती चार महिने गेलीच नाही, कुणाच्या मणक्यात गॅप. फॉर्मवर ह्याला जागाच नाही. शेवटी आशाताईंनी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला सुरुवात केली, दोन गल्ल्यांतच पान भरलं.

आमच्या घरचं सांगते. आई ५४ वर्षांची, दोन म्हशी एक गाय. आमचं रान गावापासून लांब आणि पाणंदीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल, बैलगाडी सुद्धा जात नाही, मग वैरण डोक्यावरनंच आणायला लागते. आषाढात वैरणीचा भारा उतरताना कळ आली आणि बसली ती उठलीच नाही, दोघांनी धरून घरात आणली. मग एमआरआय, इंजेक्शन, बेल्ट. डॉक्टर म्हणाले गादी सरकलीय, आता वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आई तिथं काही बोलली नाही, बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मग धार कुणी काढायची?" आता ती साडीवरनं बेल्ट आवळून भारा आणते. आम्ही नको म्हणून सांगून थकलो.

मासिक सभेत मी हा विषय काढला तर म्हणाले कंबर कुणाची दुखत नाही, हे ज्याचं त्याचं घरचं दुखणं, ह्यात पंचायत काय करणार. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. पाणी खराब आलं की पंचायतीचा विषय, डास झाले की पंचायतीचा विषय, मग निम्म्या गावाची पाठ मोडली तर तो घरचा विषय कसा काय? गावपातळीवर आणि वर झेडपीकडं, सरकारकडं नेमकं काय मागता येईल ते सांगा. पुढची सभा पंधरा दिवसांनी आहे.

फिजिओ_राजारामपुरी

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं कोल्हापुरात प्रॅक्टिस करतेय, आणि तुमचा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं कारण हा प्रश्न आमच्याकडं कुणी ह्या बाजूनं विचारतच नाही.

आधी सभेत सांगायला एक आकडा घ्या. २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ८४.३ कोटींना असेल असा अंदाज लॅन्सेट ह्या वैद्यकीय प्रकाशनाच्या नियतकालिकात २०२३ ला आलाय. माणसाला मारत नाही पण कामातनं उठवतं, अशा दुखण्यांत कंबरदुखी जगात पहिल्या नंबरवर आहे. आणि त्याच अभ्यासात असंय की ह्या त्रासातला जवळजवळ ३९ टक्के भाग तीन गोष्टींकडं जातो: कामाची पद्धत आणि ओझं, धूम्रपान, वाढलेलं वजन. तिन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. पण आपल्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बीपी आहे, शुगर आहे, कॅन्सर आहे, पक्षाघात आहे, पाठ-कंबर नाही. म्हणून तुमच्या आशाताईंच्या फॉर्मवर रकाना नव्हता. ती मागच्या पानावरची यादी जपून ठेवा, झेरॉक्स काढा, आकडा हातात असला की आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पण वर लिहायला सोपं जातं.

आता उपचाराचं. डब्ल्यूएचओनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात काय करा म्हटलंय तर व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं, काही फिजिओचे उपचार, मनाच्या ताणावर काम, गरजेपुरतं वेदनाशामक. आणि काय करू नका म्हटलंय तर कंबरेचे बेल्ट, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ताणणं, आणि अफूच्या जातीच्या गोळ्या. म्हणजे आपल्याकडं घरोघरी खुंटीला जे लटकलेलं असतं तेच नको म्हटलंय.

एमआरआयचं पण सांगते कारण त्यानं लोक फार घाबरतात. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन बघितले तर २० वर्षांच्या वयात ३७ टक्क्यांच्या आणि ५० व्या वर्षी ८० टक्क्यांच्या गादीची झीज दिसते. केस पिकतात तसंच ते. माझ्याकडं एक मावशी आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल, तिला दोऱ्यानं गाठ, म्हणाल्या माझी गादी सरकलीय आता मी वाकायचं नाही. आठ महिने त्यांनी खाली वाकून चूल सुद्धा पेटवली नव्हती, सून करायची सगळं, आणि पाय काडीसारखे झाले होते. पहिल्या दिवशी मी फक्त खुर्चीवरनं दहा वेळा उठा-बसा करून घेतलं. हात धरून रडल्या, म्हणाल्या मला वाटलं मणका तुटेल. दीड महिन्यात त्या रानात जायला लागल्या. मला त्यांच्या मणक्यापेक्षा त्यांच्या मनातली भीती काढायला जास्त वेळ लागला. "वाकू नका" हे दोन शब्द फार महागात पडतात ओ.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं १९९७ ला टीव्हीवर जाहिराती लावल्या, कंबर दुखली म्हणून झोपून राहू नका, हालचाल चालू ठेवा, एवढंच. लोकांचं मत बदललं, डॉक्टरांचं पण बदललं, आणि कंबरदुखीच्या नुकसानभरपाईचे दावे कमी झाले. शेजारच्या राज्यात जाहिरात नव्हती, तिथं असा फरक पडला नाही. तुमच्या गावात टीव्हीची गरज नाही, ग्रामपंचायतीचा भोंगा आणि दूध संस्थेचा फळा पुरे आहे. आणि २०२४ ला लॅन्सेटमध्ये आलंय की कंबरदुखीतनं बरं झालेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातनं पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं तर दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२.

मागायचं काय तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पंधरवड्यातनं एक दिवस फिजिओथेरपिस्ट. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा पातळीवर फिजिओची सोय धरलेली आहे, ती खाली आणा म्हणून झेडपीला पत्र द्या. सरकारच्या मोठ्या आरोग्य योजनेत ऑपरेशनचे पैसे मिळतात, पण ऑपरेशनची वेळ येऊ नये म्हणून जे करायला लागतं त्याला पैसे कुणी देत नाही, माझा राग आहे तो ह्याच्यावर.

एक मात्र आशाताईंना पाठ करून ठेवायला सांगा. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद जायला लागली, तर त्याच दिवशी सीपीआरला (कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) किंवा दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात, थांबायचं नाही. आणि पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री झोपेत पण दुखणं असलं तर मणक्याचा टीबी नाही ना हे बघायलाच पाहिजे. टीबीचं औषध सरकारी फुकट आहे आणि पोषणासाठी महिना १००० रुपये पण मिळतात. अशा पेशंटला मालिश करत बसलेले लोक मी बघितलेत, जीव तुटतो.

मार्केटयार्ड_शाहूपुरी

फिजिओ मॅडम बरोबरच बोलल्यात पण मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. माझे वडील ३१ वर्षं हमाल. गुळाचा रवा ३० किलोचा, पण कोण एकेक नेतंय, दोन दोन घ्यायचे. आणि साखरेचं पोतं त्यांच्या उमेदीत १०० किलोचं होतं. विचार करा, ६० किलोचा माणूस आणि पाठीवर १०० किलो, वर फळीवरनं चालत ट्रकमध्ये चढायचं, फळी हलत असते. मानेच्या खाली त्यांना लिंबाएवढं घट्टं होतं, लहानपणी आम्ही त्याला हात लावून बघायचो. साठीत पार वाकले, शेवटी शेवटी समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर मान तिरकी करायला लागायची.

नंतर पोतं ५० किलोचं झालं. ते कुठल्या व्यायामानं नाही झालं, कुठल्या गोळीनं नाही झालं. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी उभे केले आणि १९६९ ला माथाडी कायदा आला, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, कामगारांनी वर्षानुवर्षं तगादा लावला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ लाच सांगितलंय की मोठ्या पुरुषानं हातानं वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर नको. म्हणजे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पोत्यावर आकडा बदलला आणि माझ्या पिढीतल्या हजारो पाठी वाचल्या. मणक्याचा सगळ्यात मोठा डॉक्टर कोण तर तो आकडा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

म्हणून ताई तुम्ही वजनावर या. गावात कुठं कुठं ओझं उचललं जातंय ते लिहून काढा. युरिया खताचं पोतं बघा, ५० वरनं ४५ वर आलं, आता ४५ चंच येतं. पशुखाद्याचं पोतं किती किलोचं आहे, ते दूध संस्थेत कोण उतरवतंय, घरी कोण नेतंय? बाईच डोक्यावर नेते. दूध संस्थेला म्हणावं २५ किलोची पिशवी मागवा. आणि उतरवायचा धक्का ट्रकच्या फाळक्याच्या उंचीला बांधा, मग पोतं सरकवायचं, उचलायचं नाही. ह्याला काय लय पैसा लागत नाही.

आणि ऊसतोडीला आलेल्या बायका, त्यांचं पण बघा. बीडकडनं येत्यात, सहा महिने आपल्या फडात असत्यात, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढत्यात, काही जणी पोटुशा असताना. त्या आपल्या मतदार नाहीत म्हणून कुठल्याच यादीत येत नाहीत. तुमच्या आशाताईंच्या वहीत त्यांना पण घ्या.

झेडपी_गुरुजी

मी प्राथमिक शिक्षक. दप्तराचा विषय राहिला म्हणून लिहितो.

आपल्या राज्यात २१ जुलै २०१५ चा शासन निर्णय आहे, दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण तर इयत्तावार आकडे देतं, पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५, आणि दहावीला जास्तीत जास्त ४.५. कागद एकदम भारी आहेत. आमच्या शाळेत मी किराणा दुकानातला काटा आणून पाचवीचं एक दप्तर मोजलं, ५ किलो ४०० ग्रॅम भरलं, पोरगी २६ किलोची. सगळं बाहेर काढलं तर आठवड्याचं अख्खं वेळापत्रक आत होतं, शिवाय शिकवणीच्या दोन वह्या, जाड पुठ्ठ्याची कंपास, आणि एक लिटरची भरलेली बाटली, एकटी बाटलीच किलोच्या वर. मी विचारलं पाणी घरनं कशाला आणतीस, म्हणाली गुरुजी शाळेतल्या पाण्याला वास येतोय.

म्हणजे बघा, दप्तराचं वजन पाण्याच्या टाकीत लपलेलं होतं. आम्ही टाकी धुऊन घेतली, फिल्टर बसवला, वेळापत्रकात जोडतास लावले म्हणजे रोज चारच विषय. आता तीन किलोच्या आत येतंय. २०२३ मध्ये पुस्तकाचे चार भाग करून आत वहीची कोरी पानं घातली होती, मला तो प्रयोग आवडला होता, पण तो पुढं बंद केला. तुमच्या समितीनं शाळेचं पाणी एवढं एक केलं तरी बरंच काम होईल.

फिजिओ_राजारामपुरी

गुरुजी तुमचं काम फार चांगलं आहे, तरी एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. २०१८ मध्ये ६९ अभ्यास एकत्र करून तपासले गेले आणि दप्तराच्या वजनानं मुलांना पाठदुखी होते ह्याला ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजे दप्तर जड असू दे असं मी म्हणत नाही, पोरीला त्रास होतोच, दमते ती. पण मुलांच्या पाठीसाठी मला एकच काही मागायचं असेल तर मी खेळाचा तास मागेन, रोज, परीक्षा असली तरी. आपल्याकडं तालमी आहेत, खासबागेसारखं मैदान शाहू महाराजांनी बांधून ठेवलंय, आणि पोरं शाळा-शिकवणी-मोबाईल अशी बारा तास बसून असतात. बसून राहणारी पाठ आणि ओझ्यानं पिचलेली पाठ, दोन्ही माझ्याकडंच येतात.

झेडपी_गुरुजी

मॅडम मान्य. पण खेळाचा तास मागायचा तर मैदान पाहिजे, आमच्या शाळेच्या मैदानात निम्म्या जागेत लोकांच्या ट्रॉल्या उभ्या असतात. ताई, हा पण पंचायतीचाच विषय झाला बघा.

कागलकर_७२

सगळं वाचलं. राग मानू नका पण आमच्या आरोग्य केंद्रात रात्री माणूस नसतो, सापाच्या लसीसाठी पळायला लागतं, बाळंतपणाला गाडी वेळेवर येत नाही. अशा ठिकाणी कंबरेसाठी फिजिओ मागायचा म्हणजे आधी काय आणि नंतर काय ह्याचा विचार नको का? १० हजारात काय काय करणार. पाठ दुखून कोण मेलंय का?

करवीरची_लेक

दादा राग नाही, सभेत पण मला हेच ऐकायला लागणार आहे म्हणून तुम्ही लिहिलं ते बरंच झालं. साप आणि बाळंतपण आधी, ह्यात मला वाद घालायचाच नाही. पण आमच्या शेजारच्या काकूंचं सांगते. त्यांची पाठ धरली, म्हशी विकल्या. दुधाचा दहा दिवसांचा पगार बंद झाला. त्यावरच पोरीची कॉलेजची एसटी आणि मेसचं भागत होतं. पोरगी बारावीनंतर घरी बसली. काकू मेल्या नाहीत, बरोबर आहे तुमचं. दुधाच्या पगारावर इथं कितीतरी घरं उभी आहेत आणि तो पगार बाईच्या कंबरेवर उभा आहे.

आणि दुसरं, तुम्ही बघा वर कुणीच फार पैशाचं काही सांगितलं नाही. धक्क्याची उंची, पोत्याची पिशवी, शाळेची टाकी, भोंग्यावर चार वाक्यं. ह्यातलं निम्मं १० हजाराला हात न लावता होतंय.

निवृत्त_बांधकाम

मी बांधकाम खात्यात उपअभियंता होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. माझ्या कामातलं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे तुमची पाणंद. ताई, तुमच्या आईच्या कंबरेचं औषध पाणंदीत आहे. गाडी रानाच्या बांधापर्यंत गेली की डोक्यावरचा भारा संपला. २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीशी जोडून काम करायची तिच्यात सोय होती, अशा कामाला ग्रामसभेचा ठराव आणि अतिक्रमण काढून द्यायची लोकांची तयारी लागते. खरी अडचण दुसऱ्या गोष्टीतच येते, कोण एक फूट सोडत नाही. ठरावात कारण लिहिताना "शेतमाल वाहतूक" एवढंच लिहितात सगळे. तुम्ही त्यात "महिलांचे डोक्यावरील ओझे" हे शब्द घाला, मी इतक्या वर्षांत असा एकही ठराव बघितला नाही.

दुसरं, गतिरोधक. गावोगावी लोक स्वतःच मुरूम-काँक्रीट टाकून उंचवटे करतात, अरुंद आणि टोकदार, त्याच्यावर दुचाकीच्या मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा मणका अक्षरशः आपटतो. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ठरलेलं आहे, गाडी जायच्या दिशेनं लांबी साधारण साडेतीन ते पावणेचार मीटर, उंची १० सेंटीमीटर, ताशी २५ किमीनं गाडी अलगद जायला पाहिजे. टेप घेऊन तुमच्या गावातले मोजा. आधी पांढरे पट्टे तरी मारा म्हणजे अंधारात दिसतील.

तिसरं, सोपं आहे. पाणंदीचं काम व्हायला वर्ष-दोन वर्षं जातील, तोपर्यंत वाटेत दोन ठिकाणी ओझं टेकवायचा कट्टा बांधा. भारा डोक्यावरनं खाली जमिनीवर टाकायचा आणि परत वर घ्यायचा, ह्यातच लचक भरते, तुमच्या आईला पण उतरतानाच कळ आली असं लिहिलंय. कट्टा खांद्याच्या उंचीला असला की उभ्या उभ्या सरकवायचा आणि उभ्या उभ्या घ्यायचा. दगड गावात पडलेला असतोच.

महाद्वार_रोड

मला थोडंच लिहायचं आहे. मी कपड्याच्या दुकानात सेल्सला आहे, सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहून. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही असा नियम आहे, स्टूलच ठेवलेलं नाही. संध्याकाळी सातनंतर कंबरेत अशी कळ येते की काउंटरला पोट टेकवून उभी राहते. दिवाळीच्या सीझनला तर घरी गेल्यावर जिन्याचा कठडा धरून वर चढते. केरळात २०१८ ला आणि तामिळनाडूत २०२१ ला कायदा झाला, दुकानात कामगाराला बसायला जागा दिलीच पाहिजे. आपल्याकडं पण असा कायदा झाला पाहिजे, तुम्ही कुणी आमदारांना भेटणार असाल तर एवढं सांगा. एका स्टुलाची तर गोष्ट आहे.

करवीरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सभा झाली म्हणून कळवते.

आशाताईंच्या वहीचं पान झेरॉक्स काढून सगळ्यांच्या हातात दिलं. त्यात नावं नव्हती, फक्त गल्ली आणि रेघा, पण आपापली गल्ली बघून सगळे गप्प झाले कारण त्यातली एक रेघ आपल्या घरची आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. पाणंदीचा ठराव ग्रामसभेपुढं ठेवायचं ठरलं आणि बांधकाम खात्यातल्या काकांनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे त्यात घातलेत. एक फूट सोडायचा विषय निघाल्यावर दोघं जण उठून गेले, त्यांच्या घरी मी आणि सरपंच जाणार आहोत. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी फिजिओसाठी वर पत्र द्यायचं कबूल केलंय आणि तोपर्यंत दर दुसऱ्या गुरुवारी आशाताई बायकांकडनं चार व्यायाम करून घेतील. फिजिओ मॅडम, ते चार कोणते ते तुम्ही एकदा येऊन दाखवाल का, मी न्यायला येते.

एका सदस्यांनी सुचवलं की १० हजाराचे बेल्ट आणू आणि सगळ्या बायकांना वाटू. मी डब्ल्यूएचओचं सांगितलं. आधी पटलं नाही, मग आशाताईच बोलल्या की माझ्या घरात तीन बेल्ट आहेत आणि कंबर तशीच आहे. तो विषय तिथंच थांबला. महिला-बालकल्याणासाठी राखलेल्या १० टक्के निधीतनं भांगलणीसाठी उभ्यानं चालवायची हातकोळपी घेता येतात का ते ग्रामसेवक बघून सांगणार आहेत. शाळेची टाकी ह्याच आठवड्यात. ट्रॉल्यांचं मात्र जमलं नाही, त्यातली एक सदस्यांचीच आहे, पुढच्या सभेत परत काढणार. स्टुलाचं ताई, मी विसरलेले नाही, आमदारांच्या कार्यालयात अर्ज देणार आहे, तुम्ही आणि तुमच्या दुकानातल्या अजून कुणी सही करणार असाल तर सांगा, नाव नको असेल तर नुसता मजकूर देऊ.

आणि कट्टा. गवंडी उद्या येतोय. आज सकाळी आईला परड्यात उभं करून टेप लावला, खांद्यापर्यंत चार फूट दोन इंच भरलं. मी तेच लिहून घ्यायला लागले तर म्हणाली, "आसं मोकळ्या डोक्यानं नको मोजू, भारा असला की माणूस दबतंय." मग चुंबळ ठेवली, वर निम्मा भारा तिच्या डोक्यावर मी दिला, आणि परत मोजलं तर चार फुटाला अर्धा इंच कमी. काका, पावणेचार फूट धरायला सांगू का? म्हणजे आईपेक्षा बुटक्या बायकांना पण जमेल, आणि वरची कड गोल करून घ्यायची की सपाट?